शहरांची डोकी आणि वासनिकांची टेकडी

आर्किटेक्ट माणूस लग्नकार्यात हाती लागला, की लोक त्याला दोनच प्रश्न विचारतात. हॉलला रंग कुठला द्यावा, आणि संडास ईशान्येला आला तर चालेल का. पहिल्याला मी ‘पांढरा’ म्हणते. दुसऱ्याला ‘घाई असलेल्या माणसाला दिशा कळत नाही’ असं सांगते. मग कुणी तिसरं काही विचारत नाही आणि मला शांतपणे मठ्ठा पिता येतो.

या अंकाच्या संपादकांनी मात्र तिसरा प्रश्न विचारला. म्हणाले, “तुम्ही मुंबईत, नागपुरात, आखातात, पुण्यात कामं केलीत. या शहरांच्या स्कायलाइनमध्ये फरक काय, यावर लिहा.” स्कायलाइनला मराठीत ‘आकाशरेषा’ म्हणतात, अशी माहितीही त्यांनी पुरवली. म्हणत असतील. हा शब्द मी एकदाच ऐकलाय, एका सत्कारात, आणि बोलणाऱ्या पाहुण्यांची पाठ खिडकीकडे होती.

शहर जिथं संपतं आणि आकाश सुरू होतं, तिथली रेघ म्हणजे स्कायलाइन. एवढंच. माणसाचं डोकं मागून बघितलं तरी साधारण अंदाज येतो, की हा केस विंचरून आलाय का घाईत उठून आलाय. शहराचंही तसंच.

माझी पहिली नोकरी मुंबईत. तिथले साहेब प्रत्येक नकाशावर एकच शेरा मारायचे, “समुद्रातून कसं दिसेल?” मी नवी होते, म्हणून विचारलं, “सर, समुद्रात राहतं कोण?” साहेबांनी मला जिन्यांचे तपशील काढायला बसवलं. पुढे कळलं, की मुंबईची रेघ हा ग्रुप फोटो आहे. सगळ्यांनी समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं, मागच्यानं पुढच्याच्या खांद्यावरून मान बाहेर काढायची, आणि कुणाचा शर्ट पाठीवर फाटलाय ते फोटोत येत नाही.

आखातात वेगळी तऱ्हा. तिथं आधी इमारतीचं डोकं ठरायचं. टोक गोल का तिरकं, का वर भोक पाडायचं, यावर बैठकाच बैठका. ते ठरलं की मग खाली माणसं कुठं बसतील ते बघू. मी ज्या मनोऱ्यावर होते त्याच्या खालच्या मजल्यांशी माझा काही संबंधच आला नाही. तिथली रेघ लांबून बघितली की ड्रेसिंग टेबलावर मांडलेल्या अत्तराच्या बाटल्या आठवतात. प्रत्येक बाटलीचा आकार वेगळा, आत सगळीकडे एसीचा वास.

नागपूर मला आवडलं. आडवं, ऐसपैस, झाडांतून मधूनच एखादी पाण्याची टाकी वर डोकावणारी. उन्हाला भिऊन घरं खाली वाकल्यासारखी.

आणि पुणं? पुण्याची रेघ इमारतींची नव्हतीच कधी. ती टेकड्यांची होती. इमारती त्या रेघेखाली, वर्गात मागच्या बाकावर बसल्यासारख्या, आपापल्या कुरबुरी करत बसलेल्या असायच्या. आता त्या उठून उभ्या राहिल्यात. कुठल्याही गच्चीवर जा. काळ्या टाक्या, सोलरच्या तिरक्या पाट्या, मोबाईलचे टॉवर, आणि पत्र्याच्या शेडखाली एक मोडका पाळणा, दोन सुटकेस, तीन चाकांची एक सायकल. पुणेकर काही टाकून देत नाही. वर नेऊन ठेवतो.

नव्या इमारतींच्या डोक्यावर आणखी एक वस्तू असते, काँक्रीटची भलीमोठी चौकट किंवा कमान. आमच्या धंद्यात तिला ‘एलिव्हेशन फीचर’ म्हणतात, बिल्डर ‘क्राऊन’ म्हणतात. ती कशालाही आधार देत नाही, तिच्यात कुणी राहत नाही. कबुतरांची मात्र उत्तम सोय होते.

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका गिऱ्हाइकाला माझ्याकडून घराच्या डोक्यावर बैल हवा होता. उसाची जमीन, त्यात नवा बंगला. म्हणाले, “म्याडम, पाण्याची टाकी बैलाची करा. लांबून घर वळखू आलं पायजे. आपला खिल्लारी हाय, तसाच.” मी खूप समजावलं. ते ऐकेनात. शेवटी केला बैल, वशिंडात झाकण ठेवलं. बैल खरंच लांबून ओळखू यायचा. पुढे चारी बाजूंनी उंच सोसायट्या उभ्या राहिल्या आणि आता तो फक्त वरून दिसतो. त्या सोसायट्यांतली आयटीतली मुलं म्हणे बाल्कनीत उभी राहून चहा पिताना त्या बैलाला ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात. मालक मला भेटले तेव्हा म्हणाले, “चला, कुणी तरी बघतंय.”

पण संपादकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला मांजरीत नाही, कोथरूडमध्ये मिळालं.

सोसायटीचं नाव सांगत नाही. सभासद हयात आहेत आणि दिवाळी अंक वाचतात. तीन मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, पुनर्विकासाला निघालेली. पुनर्विकास म्हणजे जुनी इमारत पाडायची, बिल्डरनं तिथं अकरा मजली बांधायची, जुन्या सभासदांना नवीन घरं द्यायची आणि उरलेली विकायची. सोसायटीच्या बाजूनं नकाशे तपासायला मी. कायद्यानं बहुमत पुरतं, पण एक जरी माणूस कोर्टात गेला तरी काम लोंबकळतं. म्हणून बिल्डरला सगळ्यांच्याच सह्या हव्या असतात.

पहिली सभा इमारतीच्या पुढच्या अंगणात भरली. बिल्डरचं नाव तन्मय. तरुण, गोड बोलणारा, पायात मोजे न घालता बूट. त्यानं पडद्यावर चित्र दाखवलं. अकरा मजले, वर सोनेरी कमान, मागे लालभडक सूर्यास्त.

“सो बेसिकली,” तन्मय म्हणाला, “हा क्राऊन मॅनहॅटनवरून इन्स्पायर्ड आहे.”

सेक्रेटरी दामले उठून उभेच राहिले. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत. “अगदी! त्याच्या गॅलरीतून हेच दिसतं. नदीपलीकडे, पण दिसतं.”

दुसऱ्या एका सभासदांची मुलगी सिंगापूरला. त्यांना वर झाडं हवी होती. तिसऱ्यांनी दुबईची सहल केलेली, त्यांना रात्री निळे दिवे हवे होते. अर्ध्या तासात कोथरूडच्या त्या अंगणात तीन देश जमा झाले.

तेवढ्यात वरून आवाज आला, “लिफ्ट कुठं आहे ते दाखवा आधी!”

सगळ्यांनी वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या रस्त्याकडच्या गॅलरीत मंदाताई कुलकर्णी खुर्ची टाकून बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या. गुडघे गेलेले, त्यामुळे जिना बंद. सभा पुढच्या अंगणात घ्यायची ती त्यांना वरून भाग घेता यावा म्हणूनच, असं मला शेजारच्यांनी सांगितलं. दोन वर्षांत त्या फक्त दवाखान्यासाठी खाली उतरल्या होत्या, त्याही खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून. नातवाच्या लग्नाचा स्वागत समारंभ त्यांनी फोनवर बघितला होता.

“दोन लिफ्ट आहेत, आजी!” तन्मय ओरडला.

“एक पुरे! पण माझ्या हयातीत!”

हशा ओसरल्यावर मागच्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले. उंच, सावळे, इस्त्रीचा पांढरा शर्ट. हे वासनिक. मूळचे भंडाऱ्याचे, पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, पत्नी वारलेल्या, मुलगी बंगळूरला.

“हा सूर्य कोणत्या बाजूला मावळून राहिला?” त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

तन्मयनं चित्र निरखलं. “म्हणजे... मागच्या साइडला, अंकल.”

“मागे उत्तर आहे. आणि मागे टेकडी आहे. ती कुठं गेली?”

“अंकल, सनसेट आला ना तिथं.”

“हं,” वासनिक म्हणाले. “मी सही करत नाही.” आणि बसले.

दामले चिडले. “अहो, काहून म्हणजे का ते तरी सांगा!” वासनिक ‘काहून’ म्हणायचे, म्हणून चिडले की दामलेही म्हणायचे.

वासनिकांनी सांगितलं नाही. सभा बटाटेवडे खाऊन बरखास्त झाली.

अडून बसणारा सभासद ही आमच्या धंद्यातली नेहमीची जात आहे. कुणाला चार फूट जास्त हवे असतात, कुणाला दोन पार्किंग. त्यामुळे पुढच्या आठवड्यात मी वासनिकांकडे निघाले ती मनात हे धरूनच. जिन्यातच ते भेटले. एका हातात दुधाच्या पिशव्या, दुसऱ्या हातात भाजी. तिसऱ्या मजल्यावर आले आणि स्वतःचं दार सोडून त्यांनी समोरची बेल वाजवली. मंदाताईंची.

“रोज आणता?” मी विचारलं.

“लिफ्ट मीच आहे त्यांची,” वासनिक म्हणाले.

दार उघडलं. मंदाताईंनी पिशवी घेतली, भेंडी मोडून बघितली आणि मला म्हणाल्या, “लिफ्टला अक्कल नसते हो मॅडम, पण ती निदान जून भेंडी आणत नाही. आणि सह्या अडवत नाही.”

“अडवतो,” वासनिक शांतपणे म्हणाले.

“यांना टेकडी बघायची आहे,” मंदाताई मला म्हणाल्या, जणू ते तिथं नव्हतेच. “मला नको टेकडी. मला समोरचा रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात जाऊन स्वतःच्या हातानं भाजी निवडायची आहे. फार मोठं मागणं आहे का?”

वासनिकांनी मान खाली घातली. त्यांना ते लागलं होतं, स्पष्ट दिसत होतं. त्यांनी स्वतःचं दार उघडलं आणि मला आत घेतलं.

टेकडी त्यांच्या मागच्या खोलीच्या बाल्कनीतून दिसत होती. मधल्या जुन्या बंगल्याची झाडं, मग थोडी घरं, आणि त्यांच्यावर ती लांबलचक, पिवळट, कुठं कुठं हिरवी. दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकीवर ते बसले, दुसरीवर त्यांनी मला बसू दिलं, पण बसवताना क्षणभर थांबले.

“आमचं गाव सपाट,” ते म्हणाले. “धानाची शेती. डोळ्यासमोर काही उभं नाही. पुण्यात बदली झाली तेव्हा भाड्यानं खोली बघत फिरलो. लोक अदबीनं बोलायचे तुमच्या पुण्यात. ‘आपण कुठले? आपलं आडनाव?’ आडनाव सांगितलं की खोली अचानक भाच्याला द्यायची असायची. एवढे भाचे मी कुठं पाहिले नाहीत.”

ते हसले. मी हसू शकले नाही.

“मग ही सोसायटी झाली. नोकरी सरकारी, कर्ज मिळालं. सभासद म्हणून नाही म्हणता येईना. घरं वाटायची वेळ आली तेव्हा चिठ्ठ्या टाकायचं ठरलं होतं. मी सभेला पोचलो तर वाटून झालेलं. पुढची, रस्त्याकडची घरं सगळी गेलेली. मला मागचं. तेव्हाचे सेक्रेटरी म्हणाले, वासनिकसाहेब, तुमच्यासाठी शांत बाजू ठेवली.” त्यांनी टेकडीकडे बघितलं. “बायको पहिल्या दिवशी या बाल्कनीत आली. म्हणाली, काहून हो, या लोकांना मागे काय आहे ते दिसलं नाही का? ते समजले आम्हाला मागे टाकलं. अन् मागे ही होती.”

आमच्या धंद्यात ‘व्ह्यू’ या शब्दाला भाव असतो. त्या दिवशी मला तो शब्द तोंडातून काढायची लाज वाटली.

पण एक अडचण होती आणि ती सांगणं माझं काम होतं. मागचा तो बंगला विकला गेला होता. तिथं दहा मजल्यांना मंजुरी मिळाली होती, बंगला पाडून कडेच्या झाडांआड पायाचे खड्डे खणून झाले होते. वासनिक सही करोत वा न करोत, त्यांच्या बाल्कनीसमोर दहा मजले उभे राहणार होते. मी ते सांगितलं.

“कागदावर दहा असतात,” ते म्हणाले. “प्रत्यक्षात किती ते पाहू.” पाटबंधारे खात्यात नोकरी झालेल्या माणसाचा कागदावर विश्वास नसतो, हे मला समजलं.

“बघायचंच का प्रत्यक्ष?” मी विचारलं.

इमारतीची उंची आधी दाखवायची एक जुनी, सोपी युक्ती आहे. दोरीला गॅसचे फुगे बांधायचे आणि तेवढ्या उंचीवर सोडायचे. मग लांबून बघायचं. फुगे जिथून दिसतात, ते ठिकाण फुग्यांच्या जागेवरूनही दिसणार. मी वासनिकांना म्हटलं, आपण टेकडीवर जाऊन उभे राहू. लाल फुगे आपल्या इमारतीवर, नव्या इमारतीत तुम्हाला मिळणाऱ्या सातव्या मजल्याच्या उंचीला. पिवळे फुगे मागच्या प्लॉटवर, दहा मजल्यांच्या उंचीला.

हे वाचायला सोपं वाटतं. लाल फुगे आणायची जबाबदारी दामल्यांनी घेतली आणि ते ‘हॅपी बर्थडे’ लिहिलेले घेऊन आले, कारण म्हणे तेच तयार होते. पहिला घोस वॉचमन शिंद्यांनी गच्चीवरून सोडला तो शेजारच्या नारळात अडकून फटाफट फुटला. सगळी गल्ली बाहेर आली. मंदाताईंनी गॅलरीतून विचारलं, “कुणाचा वाढदिवस आहे? केक वर पाठवा!” दुसरा घोस नीट उडाला. मागच्या प्लॉटवरच्या इंजिनिअरनं पिवळे बांधू दिले, मात्र आम्ही कुठल्या पक्षाचे आहोत ते आधी दोनदा विचारून घेतलं.

मग वासनिक, दामले आणि मी टेकडीवर गेलो. सकाळची वेळ, फिरायला आलेल्यांची गर्दी. तुम्ही पुण्याचे असाल तर हा नजारा तुम्हाला माहीत आहे. पायथ्यापासून पार खडकवासल्याच्या दिशेनं, नजर जाईल तिथवर इमारती, क्रेन, हिरव्या जाळ्या, टाक्या, कमानी. मुंबईची रेघ समुद्राकडे बघते, आखातातली आरशात बघते. पुण्याची रेघ एकमेकांच्या खिडकीत बघते. हे मला त्या दिवशी कळलं.

वासनिक बराच वेळ डोळे बारीक करून उभे होते. “आपली बिल्डिंग कुठं आहे?”

“ती बघा, पाण्याच्या उंच टाकीच्या डावीकडे.”

“नाही दिसत.”

दामल्यांनी फोन पुढे केला, चित्र मोठं केलं. पिवळे फुगे सापडले. त्यांच्या मागे, खाली, लाल ठिपका. लालच्या खाली दोरी, दोरीच्या खाली गच्चीचा कठडा, आणि कठड्याखाली करड्या रंगाची एक फट. बाल्कनी.

वासनिकांनी फोन हातात घेतला. “एवढीशी?” ते म्हणाले. मग कुणाला तरी सांगितल्यासारखं, “मी रोज हिच्याकडे बघतो. इकडून तर मी दिसतच नाही.”

दामले माझ्याकडे बघायला लागले. दामले म्हणजे प्रत्येक वाक्याला उत्तर देणारा माणूस. पण त्यांनी नुसतं बोटानं चित्र आणखी मोठं करून दिलं, आणि मला त्यांचा पहिल्यांदाच आदर वाटला.

पिवळे वर आणि पुढे, लाल खाली आणि मागे. यात समजावण्यासारखं काही नव्हतं. दहा मजल्यांची भिंत उभी राहिली की सातव्या मजल्यावरून टेकडी दिसणार नव्हती, आणि तिसऱ्यावरून तर मुळीच नाही. वासनिक एका दगडावर बसले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली.

“मंजूर नकाशा आहे तो,” शेवटी ते म्हणाले. “आता नाही थांबत.”

“नाही,” मी म्हटलं.

शिंद्यांचा फोन आला. वारा वाढलाय, दोरी हाताला काचतेय, खाली घेऊ का?

“घ्या,” दामले म्हणाले.

“थांबा,” वासनिक उठले. “त्यांना म्हणा, खाली नका घेऊ. वर सोडा.”

“वर?”

“दोरी आहे ना अजून? सोडा.”

लाल ठिपका हलला. हेलकावत वर चढायला लागला. पिवळ्यांच्या बरोबरीला आला, क्षणभर त्यांच्यात मिसळला, आणि त्यांच्या वर निघाला, मोकळ्या आकाशात.

“बस!” वासनिक ओरडले. फिरायला आलेले दोघं दचकून थांबले. “मॅडम, हा कितवा मजला?”

मी अंदाज घेतला. “हा मजला नाही. ही गच्ची आहे, अकराव्याच्या वरची.”

“गच्ची कोणाची?”

हा प्रश्न अगदी मर्मावर होता. नकाशात गच्ची सगळ्यांची लिहिली होती. पण तन्मयचा बेत वरच्या दोन फ्लॅटना ती जोडून विकायचा होता. म्हणून तर लिफ्ट अकराव्या मजल्यावर थांबत होती आणि गच्चीला एक अरुंद जिना होता, ज्याच्या दाराला पुढे कुलूप लागणार हे उघड होतं. तसं कुलूप पुण्यात निम्म्या गच्च्यांना आहे. जुन्या इमारतीच्याही गच्चीची किल्ली दामल्यांकडेच असायची, आणि ती मागितली की दामले ‘कशाला?’ असं विचारायचे.

वासनिक म्हणाले, “गच्ची सगळ्यांची राहील, अन् लिफ्ट गच्चीपर्यंत जाईल, तर मी सही करतो. कुलूप नाही. टेकडीकडे तोंड करून एक बाकडं.”

“लिफ्ट कशाला?” दामले म्हणाले. “एक मजला चढता येईल की.”

“मला येईल,” वासनिक म्हणाले. “त्यांना नाही.” ‘त्यांना’ म्हणजे कुणाला, ते आम्हा दोघांनाही विचारावं लागलं नाही.

तन्मयला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. लिफ्ट एक मजला आणखी वर न्यायची म्हणजे तिच्या डोक्यावर मोकळी जागा लागते, यंत्रांची खोली आणखी वर जाते. ती खोली नेमकी त्या सोनेरी कमानीत घुसत होती.

“मॅम, क्राऊन जाईल!”

“जाऊ दे.”

“पण मग बिल्डिंगला आयडेंटिटी काय राहिली? वर नुसता डबा दिसेल. लिफ्टचा डबा!”

“पुण्यात आहोत आपण. डबा शोभून दिसेल.”

तो कोणकोणते पर्याय घेऊन आला, ते सगळे सांगत बसत नाही. वासनिकांना त्यानं मोठा फ्लॅट देऊ केला, पुढच्या बाजूचा. रस्त्याकडचा. वासनिक इतके मोकळेपणानं हसले की तन्मयला वाटलं जमलं. जमलं नव्हतं. अखेरची सभा झाली तेव्हा कमान हवी का गच्चीला लिफ्ट, यावर हात वर करायचे होते. मला दामल्यांची भीती होती. मॅनहॅटन त्यांच्या फार जवळचं. ते उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, “माझा मुलगा न्यू जर्सीत राहतो. ती सगळी रोषणाई त्याच्या गॅलरीतून दिसते. पण त्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवर त्याला जाता येत नाही. कुलूप आहे. मी मागच्या वेळी गेलो तेव्हा विचारलं होतं.” आणि त्यांनी लिफ्टच्या बाजूनं हात वर केला. वरून, तिसऱ्या मजल्यावरून, मंदाताईंनी दोन्ही हात वर केले. एकच मोजला, पण त्यांनी दोन्ही केले.

वासनिकांनी त्याच टेबलावर सही केली.

इमारत उभी राहिली. बांधकामाच्या काळात सगळे इकडेतिकडे भाड्यानं राहिले, त्यात वासनिकांना पुन्हा घर शोधावं लागलं. या वेळी कुणाला भाचे नव्हते, असं त्यांनी सांगितलं. एकच होता, पण तो खरा निघाला. मंदाताई तळमजल्यावरच्या भाड्याच्या घरात इतक्या रमल्या, की परत यायला तयार होईनात. मागचे दहा मजलेही तोवर उभे राहिले, आणि त्यांच्या डोक्यावर हिरव्या काचेची कमान आली. तन्मयनं ती बघून मला फोन केला आणि फक्त उसासा टाकला.

आमच्या इमारतीचं डोकं बघाल तर काही नाही. पांढरा चौकोनी डबा, शेजारी टाक्या, सोलर. रस्त्यानं जाणारा दुसऱ्यांदा मान वर करणार नाही. मी बऱ्याच शहरांत बरीच डोकी सजवली, पण मला विचाराल तर माझं उत्तम काम हा डबा आहे, आणि तो मला कुठल्याही स्पर्धेत पाठवता येणार नाही.

ताबा मिळाल्यानंतर काही दिवसांनी वासनिकांचा फोन आला. गच्चीवर या, म्हणाले, बाकडं बसवलंय. मी गेले. वासनिक पांढऱ्या शर्टात आधीच तिथं उभे होते. थोड्या वेळानं लिफ्टचं दार उघडलं आणि काठी टेकत मंदाताई बाहेर आल्या. हातात भाजीची पिशवी, केसांना धूळ, म्हणजे थेट रस्त्यावरून.

त्या हळूहळू कठड्यापर्यंत आल्या. हिरव्या काचेच्या कमानीच्या बाजूनं टेकडी दिसत होती, चांगली लांबवर, सकाळच्या उन्हात. पण खरं सांगायचं तर मला जी भीती होती तेच झालं होतं. खालून बघितली की टेकडी आकाशाला टेकते. अकरा मजले वर येऊन बघितली की ती बसकी दिसते, आणि तिच्यामागे आणखी पुण्याची गर्दी दिसायला लागते. हे मी नकाशा तपासतानाच ओळखलं होतं. सांगायचा धीर झाला नव्हता.

मंदाताईंनी एकदा टेकडीकडे बघितलं, एकदा वासनिकांकडे.

“अहो, ही तर ठेंगणी झाली.”

“थोडी झाली,” वासनिक म्हणाले.

“मग बाकडं खालच्या मजल्यावर मागायचं होतंत ना! सातवा काय, तिसरा काय... खालूनच मोठी दिसते म्हणे.”

“खालून नुसते मागचे दहा मजले दिसतात.”

“आवारात ठेवायचं. झाडाखाली. मीही बसले असते.”

वासनिकांनी रुमालानं बाकडं पुसलं, आधी त्यांची बाजू, मग स्वतःची.

“खाली तुम्ही सापडता कुठं आता?” ते म्हणाले. “दिवसभर रस्ता ओलांडत असता.”